चितारआळीतलं दुकान सोडण्याआधी

बंगळूरु, रविवार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं होणार नाही म्हणून लिहितेय. दुकानाचा विषय निघाला की बाबा "धर, आईशी बोल" म्हणतात, आणि आई फोन हातात घेतल्या घेतल्या विचारते, "जेवलंस काय गो?" या महिन्यात तीनदा असंच झालं. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

तर बाबा, तुमचा बेत मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळला. झारापच्या बाजूला हायवेवर गाळा मिळतोय, चतुर्थीच्या आधी अनामत भरायची, आणि दिवाळीपासून सावंतवाडीच्या चितारआळीतलं आपलं लाकडी खेळण्यांचं दुकान त्या मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायचं. बाजारात येतंय कोण, असं तुमचं म्हणणं. गाड्या आहेत तिथे गिऱ्हाईक, हा हिशेब चुकीचा म्हणायची माझी हिंमत नाही. चाळीस वर्षं गल्ल्यावर तुम्ही बसलात, मी नाही. पण गेल्या शनिवारी मी मुद्दाम चन्नपट्टणला जाऊन आले. तिथे जे बघितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चन्नपट्टण इथून म्हैसूरच्या वाटेवर, साधारण ६० किलोमीटरवर. कानडीत त्याला गोंबेगळ ऊरु म्हणतात, बाहुल्यांचं गाव. आपल्यासारखंच लाखेचं काम, फक्त लाकूड वेगळं. ते आले मर म्हणतात, म्हणजे आपला काळा कुडा. जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना खेळण्यांची दुकानं आहेत. म्हैसूरला निघालेली गाडी तिथूनच जायची, पोरं मागच्या सीटवरून हट्ट करायची, गाडी थांबायची. १२ मार्च २०२३ ला नव्या एक्स्प्रेसवेचं उद्घाटन झालं आणि त्याने गावाला वळसा घातला. तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. पुढे मद्दूर लागतं, वड्यासाठी प्रसिद्ध. त्या वडेवाल्यांचंही तेच झालं.

एका दुकानात शिरले. मालक तुमच्याच वयाचे. माझ्याशिवाय आत कोणी नव्हतं. त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि माझं मोडकं कानडी ऐकून हिंदीवर आले. म्हणाले, पूर्वी रविवारी जेवायला घरी जाता यायचं नाही, आता दोनदा जाऊन येतो. असं हसत म्हणाले की मलाच कुठे बघावं कळेना. त्यांच्या गावच्या खेळण्यांना जीआय मानांकन, म्हणजे हा माल याच गावचा असा सरकारी शिक्का, मिळून वीसेक वर्षं होत आली. पण दारावरचं स्टिकर वाचायला आधी गाडी तर थांबली पाहिजे.

नंतर त्यांनीच मला मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे एक काका लेथवर बसले होते. फिरत्या लाकडाला पिवळ्या लाखेची कांडी टेकवली, उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढली, सगळीकडे तो ओळखीचा वास. मग त्यांनी बाजूच्या बादलीतून एक लांब पान काढून त्याच्यावर दाबलं, आणि मळकट पिवळा रंग बघता बघता काचेसारखा चमकला. बाबा, केवड्याचं पान! मी मोठ्याने "केवडा" म्हटलं तर ते दचकले. आजोबांच्या कातकामाच्या खोलीत दाराआड उभी करून ठेवलेली ती पानं, आणि त्यांचे काटे टोचले म्हणून मी केलेला आकांत, सगळं आठवलं.

पण सांगायचंय ते पुढेच. त्या गल्लीत बंगळूरुहून एक मिनीबस आलेली होती. शाळकरी पोरं, सोबत आया. प्रत्येक पोराला काका आपल्या हाताखाली एक भोवरा करू देत होते. ही माणसं एक्स्प्रेसवेवरून मुद्दाम खाली उतरून आली होती. रस्ता कुठून जातो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, कारण ती रस्त्याची गिऱ्हाइकं नव्हतीच. मुख्य रस्त्यावरचं दुकान ओस, आणि दोनशे पावलांवर मागच्या गल्लीत जागा नाही.

हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही हे आधीच भोगलंय. मुंबई-गोवा हायवे गावातून जात होता तेव्हा गोव्याच्या बसमधली माणसं चहाला उतरायची आणि जाताना लाकडी केळी-आंबे पिशवीत घालून न्यायची. मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण स्टेशन मळगावला, गावापासून सात-आठ किलोमीटरवर. मग झाराप-पत्रादेवी बायपास आला आणि उरलेल्या गाड्याही बाहेरच्या बाहेर गेल्या. आता ज्या रस्त्याने आपलं गिऱ्हाईक नेलं त्याच्याच कडेला जाऊन बसायचं म्हणताय. तिथे गाडी थांबते ती इंजिन चालू ठेवून. बापई लघवीला उतरतो, बाई काजूचा भाव विचारते, पोराला कुरकुरे. त्यात तुमचं रंगवलेलं सीताफळ, ज्याच्या एकेका डोळ्यावर तुम्ही चष्मा सारखा करत ब्रश टेकवता, ते प्लास्टिकच्या डंपरशेजारी मांडणार? आणि तो विचारणार, "भैया, इसका लास्ट कितना?"

गिऱ्हाईक नाही हे मला पूर्ण पटत नाही. गावात माणूस येतो, पण अर्ध्या तासात जातो. राजवाडा बघतो. दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, हाताने रंगवणारी माणसं बघून चाट पडतो. दशावतारी गंजिफाची १२० पानं, तीही गोल! आपले राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवींनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून स्वतः शिकून ही कला जगवली, हे ऐकून तर भारावतो. आता राजवाड्यातच हॉटेल झालंय, तिथे चार दिवस राहणारी माणसं येतात. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, आपल्यापासून तासाच्या आत. आणि पावसात धंदा नाही म्हणता, तर आंबोलीत जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. तीस किलोमीटर घाट उतरून ती भिजलेली माणसं आपल्याकडे का येत नाहीत? आली तर बसणार कुठे, कपडे बदलणार कुठे, दुपारी खाणार काय, हे त्यांना कोणी सांगितलंय का?

दुपारचं आलंच, तर बोलूनच टाकते. एक ते चार सगळी आळी बंद! पेज-मासे जेवून माणूस आडवा होणार, यावर मी लहानपणापासून कधी आक्षेप घेतला नाही आणि स्वतःही झोपलेय. पण सकाळी गोव्याहून निघालेला माणूस राजवाडा बघून नेमका दीड वाजता चितारआळीत पोचतो आणि त्याला दिसतात शटर. सगळ्यांनी जागायला नकोच. आळीतल्या दोन-तीन दुकानांनी पाळीपाळीने उघडं राहायचं, एवढंच. चतुर्थीची वर्गणी काढायला जमतं, मग हेही जमेल.

आता मे महिन्यातली ती पुण्याची बाई आठव, आई. गाडी लांब लावून, चार जणांना विचारत, पोरीला हाताशी धरून आपल्या दुकानात आली होती. खेळणी बघत होती, पण लक्ष नव्हतं. शेवटी हळूच तुला विचारलं, इथे बाथरूम कुठे आहे. तू म्हणालीस, "येवा आत, लाजू नकात." मागच्या दारातून न्हाणीघर दाखवलंस, बाहेर येईपर्यंत कोकम सरबत केलंस. मग ती पाऊण तास बसली. पोरीने जमिनीवर फतकल मारून सगळ्या लाकडी मिरच्या मोजल्या. जाताना फळांची परडी आणि एक रंगीत पाट घेतला, २३०० रुपये, भाव न करता. बाबा, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही "आज बरा झाला" म्हणालात. तो धंदा न्हाणीघराने केला.

हल्ली जिथे जाते तिथे गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं आणि बदामाचं चिन्ह दिसतं. फोटो काढला की गावाचा विकास झाला. माझ्या हातात असतं तर मी त्या पैशात आधी बायकांसाठी दोन स्वच्छ संडास, चार बाकडी आणि गाड्या लावायला एक जागा केली असती, आणि तिथून आळीपर्यंत चालत यायला सावली. सावंतवाडीसारख्या गावाला सुशोभित कशाला करायचं? मोती तलाव संध्याकाळी जसा दिसतो तसा दिसू दे.

आई, आपण भिलारला गेलो होतो ना, पाचगणीजवळ? ४ मे २०१७ ला त्याचं पुस्तकांचं गाव झालं. तिथे मोठं काही बांधलं नाही. लोकांच्या घरातल्या खोल्यांत, ओसरीवर, देवळात पुस्तकांची कपाटं ठेवली. तू एका ओसरीवर कवितांचं पुस्तक घेऊन बसलीस आणि घरातल्या बाईने न मागता पाणी आणून दिलं. गाडीत बसल्यावर तू पुस्तकाबद्दल एक शब्द बोलली नाहीस, त्या पाण्याबद्दल बोलत होतीस.

म्हणून माझं म्हणणं असं. गाळ्याची अनामत थांबवा, एक वर्ष. त्याच पैशात मागचं न्हाणीघर नीट करू. फरशी, नळ, कडी, बाहेर आरसा आणि गल्लीत एक पाटी. पुढच्या ओसरीवर दोन बाकडी. आणि बाबा, तुमचं रंगवायचं टेबल आतल्या खोलीतून बाहेर आणा, दारात. माणूस थांबतो तो हात चालताना बघून. हवं तर न रंगवलेली वांगी-आंबे एका टोपलीत ठेवा, पोरांना स्वतः रंगवू द्या, १५० रुपये घ्या. तुम्ही म्हणाल रंगाची नासाडी. होईल. निळं वांगं बघून तुमचा जीवही कासावीस होईल. पण ते पोर ते निळं वांगं आयुष्यभर टाकणार नाही.

यातही भीती आहेच. गर्दी वाढली की भाडी वाढतात, आणि भाडं परवडावं म्हणून दुकानदार बाहेरचा स्वस्त माल आपल्या गावाच्या नावाखाली विकायला लागतो. मालवणच्या पेठेत मे महिन्यात गाडी वळवायला जागा नसते, तसं आपल्याकडे झालेलं मलाही नको आहे. पण आपलं दुकान भाड्याचं नाही, स्वतःचं आहे. ही एकच गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि तीच आपण मोबाईलवाल्याला द्यायला निघालोय.

"तू येऊन बसशील गल्ल्यावर?" हे तुम्ही विचारणार, आणि तुमचा हक्कच आहे. नाही बसणार, बाबा. खोटं बोलत नाही. माझी नोकरी इथे आहे, पोरांची शाळा इथे आहे, आणि मी त्या आळीतून बाहेर पडायला किती उतावीळ होते हे तुम्ही पाहिलंय. बाहेर राहून तुम्हाला तिथेच बसा म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. म्हणून न्हाणीघराचा खर्च माझा, आणि तुम्ही नको म्हणालात तर मी आईच्या खात्यावर टाकणार. वर्षाने हिशेब जमला नाही तर गाळ्याचं तुम्ही ठरवाल तसं. मी तेव्हा तोंड उघडणार नाही. (आई, हसू नकोस.)

चतुर्थीला चार दिवस आधी येतेय. चन्नपट्टणच्या त्या काकांनी निघताना एक भोवरा दिला, पैसे घेतले नाहीत. तो तुमच्यासाठी आणते. त्यांना मी सांगितलंय की माझे वडील लाकडाचं सीताफळ असं रंगवतात की माश्या बसतात. त्यांना खरं वाटलं नाही. तेव्हा एक सीताफळ बाजूला काढून ठेवा, चांगलं मोठं बघून.

आणि न्हाणीघराच्या दाराचं माप फोनवर सांगा. आईला नको, तिची वीत लहान आहे. तुम्हीच टेप लावून घ्या.

तुमची,
बाय