४० की ८०?

प्रिय सुमे,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत बरी, शुगर ताब्यात, गुडघे कुरकुरतात. झालं.

गेल्या आठवड्यात आपल्या मेसचे स्वयंपाकी दामूकाका माझ्या ऑपरेशन टेबलावर होते. उजव्या बाजूचं मोठं आतडं, कॅन्सर. तपासायला आले तेव्हा मला ओळखलंच नाही. तुझं नाव घेतलं तर म्हणतात, "ती एकादशीला खिचडीचं पातेलं रिकामं करणारी?" बघ, तुझी कीर्ती.

भूल मीच दिली. काकांची बोटं तव्याच्या चटक्यांनी इतकी राठ झालीत की रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब आकडाच दाखवेना. शेवटी कानाच्या पाळीला लावला. तीन मिनिटं मास्कने १०० टक्के ऑक्सिजन, श्वासनलिकेत ट्यूब, मग ऑक्सिजन ४० टक्क्यांवर. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९९. आणि सर्जन हात धुऊन आत येतात तेच म्हणत, "मॅडम, ८० ठेवा, डब्ल्यूएचओ सांगते."

२०१६ ला सांगितलं खरं. २०१८ ला त्यांनीच ती शिफारस सौम्य केली, ते कोण वाचतो? मला तर वाटलं तूच बोलतेयस. तो सेमिनार, आई गं! २००० सालचा ५०० रुग्णांचा पेपर नाचवत होतीस: ८० टक्के दिला तर आतड्याच्या ऑपरेशननंतर जखम पिकण्याचं प्रमाण ११ वरून ५ टक्क्यांवर. आणि मी ओरडत होते, ऑक्सिजन इतका वाढवून फुप्फुसं उघडी ठेवणारा हवेतला नायट्रोजन धुऊन काढलास तर फुप्फुसाचे कोपरे मिटतात त्याचं काय? त्यानंतर आपण मेसमध्ये दोन टोकांना बसायचो. काकांनीच एके दिवशी दोघींची भाकरी एका ताटात वाढली आणि म्हणाले, दुसरं ताट घासलेलं नाही. पुढे २००९ ला डॅनिश लोकांनी १४०० रुग्णांवर ८० आणि ३० ताडून पाहिलं, जखमांत फरक नाही. तेव्हा तुझी साधी एक ओळ आली नाही, हे मी विसरलेले नाही.

असो. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरला, डोकं खाली केलं आणि मॉनिटरचा सूर उतरू लागला. ९६, ९४, ९२. सर्जनचा हात थांबला. ऑक्सिजन १०० वर नेला, छाती ऐकली, डावीकडे हवाच जात नव्हती. पोट वर ढकललं गेल्यावर ट्यूब उजव्या फुप्फुसाच्या नळीत सरकते, तुला काय सांगायचं! जराशी मागे ओढली, फुप्फुसं फुगवून घेतली, आकडा वर आला, आणि मी पुन्हा ४० वर आणलं. "बघा, म्हटलं होतं ना," सर्जन म्हणे! ट्यूबची जागा चुकली तर ८० काय करणार, पण टाके घालेपर्यंत तेच पालुपद.

आज टाक्यांपाशी लाली आहे, एका कडेला किंचित ओल. ताप नाही. राउंडला सर्जन काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. ८० दिला असता तर ही लाली नसती का? त्याच डॅनिश रुग्णांचा पुढचा हिशेब २०१२ ला आला, त्यात कॅन्सरवाले ८० च्या गटात जास्त दगावले होते. का, ते धड कुणालाच सांगता आलं नाही. मी तो विचार करूनच ४० धरलं, उद्याही धरीन. पण १४०० रुग्णांचं सांगता येतं गं, एकट्या काकांचं कसं सांगणार? इथे कुणाशी बोलायची सोय नाही, सगळे एकतर सर्जनचे नाहीतर माझे.

तुझ्या लेकीचं लग्न ठरलं म्हणे, आम्हाला कळवायचं राहिलं? मुलगा काय करतो? सासूबाईंच्या डोळ्याचं झालं का?

तिकडे तुम्ही आतड्याच्या केसला किती ठेवता, ते खरं लिही. मी चुकले असं वाटत असेल तर तेही लिही, पण सेमिनारच्या आवाजात नको. आणि काकांना फोन कर, पाचनंतर, तेव्हा ते व्हरांड्यात बसतात. लालीबद्दल एक अक्षर काढू नकोस. त्यांना अजून पेजच चालू आहे आणि ती बेचव लागते म्हणून रोज स्वयंपाक्याला शिव्या देतात.

तुझीच,
शके