हनुवटी फुटली तर जबड्याचा सांधाही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी चार वर्षांची असताना जिन्यात तोंडघशी पडली. हनुवटी फुटली. जवळच्या दवाखान्यात तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि थोडक्यात निभावलं म्हणत आम्ही घरी आलो. कानापुढे हात लावून कोणी पाहिलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. पुढे तिचा घास लहान होत गेला. आधी भाकरी सुटली, मग पोळी. सहाव्या वर्षी दातांच्या फटीतून चमच्याचं टोकही जाईना. पातळ वरण ओठांशी लावून ओढून घ्यायची. नखरे करते म्हणून मी तिला रागावले, ते आजही मनाला लागून आहे.

कारण सीटी स्कॅनमध्ये कळलं. खालच्या जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक, म्हणजे कॉन्डाइल, कानापुढे कवटीच्या खोबणीत बसतं. हनुवटीवरचा मार हाडातून थेट तिथे पोचतो. लहान मुलांत हे टोक मऊ असतं, त्यात रक्तपुरवठाही भरपूर. ते चेंगरलं, सांध्यात रक्त साकळलं आणि दुखतंय म्हणून मुलाने तोंड हलवणं टाळलं, की तिथे हाड धरू लागतं. शेवटी जबडा कवटीलाच जोडला जातो. डॉक्टर याला अँकिलॉसिस म्हणतात. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास कोंडतो. तोंडच उघडत नसल्याने आमच्या मुलीला भूल देण्यासाठी नळी नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागली. जुळलेलं हाड कापलं, मध्ये कानशिलाच्या स्नायूचा तुकडा बसवला. त्यानंतरचे महिने जास्त कठीण होते. तोंड पुन्हा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या, रोज एखादी वाढवायची. ती रडायची, मी मोजायची.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांना कळकळीची विनंती: मुलाला तोंड उघडायला सांगा. हनुवटी एका बाजूला वळते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, कानापुढे दुखतं का, एवढं बघा. शंका आली तर एक्स-रे काढा आणि काही महिने पुन्हा पुन्हा बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासतात. मुलाची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून त्याच्या तोंडात बसतात का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. तेवढी एक नोंद त्यांच्या तपासणीत घ्यावी.

– एक आई, लातूर जिल्हा