ताई, तुमची पट्टी अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

समोर येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, चल, वॉर्मअपला लाग" म्हणून तुम्ही मला उडवून लावलं असतंत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माझ्यासारखी लक्ष टिकवायची गोळी घेऊन खेळणारं आणखी कुणी असेल तर त्यांनाही वाचू दे.

एकविसाव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान झालं, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो 'वेंधळी' हा शब्द. लहानपणापासून तो मला चिकटलेला. टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटणार ती माझीच, आणि अवघड स्मॅश उचलून पुढची साधी सर्व्हिस नेटमध्ये घालणार तीही मीच. तुमच्याआधीच्या बॅडमिंटन प्रशिक्षकांचं एकच पालुपद: लक्ष कुठे असतं तुझं? एडीएचडी असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हालचालींचा ताळमेळ जमवायला त्रास होतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आपण कोर्टवर पडलेली शटलं गोळा करत होतो. मी वाकलेली तशीच राहिले होते.

गोळी सुरू व्हायला दोन आठवडे होते. तुम्ही पिशवीतून तीस सेंटिमीटरची साधी पट्टी काढलीत. कुणीतरी ती वरून सोडायची, मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पकडायची, किती सेंटिमीटर निसटली ते वहीत लिहायचं. रोज दहा वेळा. पंधरावर पकडली तर साधारण ०.१७ सेकंद, तिसावर गेली तर पाव सेकंद. "आधी दोन आठवडे कर, नाहीतर सरावाने सुधारलं की गोळीने ते कळायचं नाही," असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा हे नसतं खूळ वाटलं होतं, हे आज कबूल करते.

वहीतलं गोळीआधीचं एक पान: १४, १६, १५, २९, १५, १७, २६, १४, १६, २८. गोळीनंतर दीड तासाने: १५, १६, १४, १७, १५, १६, १८, १५, १४, १६. मी हिरमुसले. सगळ्यात चांगला आकडा तोच, १४! तुम्ही मात्र पेन्सिलीने २९, २६ आणि २८ भोवती गोल केलेत आणि म्हणालात, "हे तीन कुठे गेले बघ." माझा हात मंद कधीच नव्हता, तो बेभरवशाचा होता. माझ्या गोळीतलं मिथाइलफेनिडेट मेंदूतली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संदेश पोचवणारी रसायनं परत शोषली जाणं अडवतं. त्याने माझ्या दंडात काडीचीही ताकद वाढली नाही. डंबेल तेवढेच राहिले. फक्त मधूनमधून होणारी ती दांडी बंद झाली. इतकी वर्षं मी 'वेंधळी' म्हणत होते ते या तीन आकड्यांना.

पण खरे आभार त्या दुपारचे. शटल उडू नये म्हणून पंखे बंद, दारं लावलेली, आत नुसता उबारा. तिसरा गेम चालू होता आणि मी हवेत होते. दमल्याचं नाव नाही. तुम्ही मध्येच खेळ थांबवलात. मी चिडले, हेही आठवतं. "दहापैकी किती दमलीस?" "पाच." मग तुम्ही मनगट धरून पंधरा सेकंद मोजलेत: ४६ ठोके. म्हणजे मिनिटाला १८४. वजन केलं तर सुरुवातीपेक्षा दीड किलो कमी. बोटं मात्र गार.

त्या दिवशी पाणी पाजता पाजता तुम्ही सायकलपटू टॉम सिम्प्सनची गोष्ट सांगितलीत. १९६७ ची टूर द फ्रान्स, माँ व्हाँतू डोंगराचा चढ, रणरणतं ऊन, आणि त्याच्या शरीरात अशाच उत्तेजक जातीचं अ‍ॅम्फेटामिन. तो सायकलवरून कोसळला आणि गेला. औषधाने थकवा जात नाही, थकव्याची वर्दी उशिरा मिळते, आणि तोवर अंग तापत राहतं. या गोळीने नाडी आणि रक्तदाब थोडे वर जातात, त्वचेकडचं रक्त कमी होऊ शकतं, भूक मरते. उपाशीपोटी कोर्टवर उतरलं की त्याची भर वेगळीच. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं होतं. पण दवाखान्यात ऐकणं वेगळं आणि स्वतःची गार बोटं धरून बसणं वेगळं.

तेव्हापासून मी मनाला विचारत नाही, घड्याळाला विचारते. दर वीस मिनिटांनी नाडी आणि पाणी. गोळीच्या आधी पोटभर खाणं. खेळाच्या दिवशी कॉफी बंद. वही घेऊन डॉक्टरांकडे जायला तुम्हीच लावलंत. त्यांनी ती पानं चाळून गोळीची वेळ बदलली, तेव्हा कुठे रात्रीची झोप परत आली.

ती रीटाची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगते. १९४४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लेआंद्रो पानिझोनने माझ्या गोळीतलं हे औषध तयार केलं, त्याची बायको रीटा टेनिसआधी ते घ्यायची, आणि औषधाचं रिटालिन हे विक्रीचं नाव तिच्यावरूनच पडलं. ही गोष्ट ऐकून एका मैत्रिणीने स्पर्धेआधी माझ्याकडे एक गोळी मागितली. दिली नाही. तिच्या हृदयाचं कुणी काही तपासलेलं नाही, आणि स्पर्धेच्या काळात वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत हे औषध बंदच आहे. माझ्यासाठीसुद्धा वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. तो पहिला अर्ज माझ्याशेजारी बसून तुम्ही भरून घेतलात. मी तीनदा उठून गेले, तीनदा तुम्ही परत बसवलंत.

पट्टी परत द्यायची राहिली आहे. तिच्या शून्याच्या बाजूचा कोपरा उडालाय, माझ्याच हातून पडून. नवीन आणून देते, पण ही मला राहू द्या. आज सकाळचे आकडे: १५, १४, १७, १६, १५, १५, २७, १६, १४, १६. ते सत्तावीस फोन वाजला म्हणून, शप्पथ.

तुमची,
कोर्ट नंबर दोनवरची वेंधळी