गुडघा नुसता झिजत नाही

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील गुडघेदुखीवरच्या लेखात ‘झीज’ आणि ‘वंगण संपणे’ हे शब्द इतक्या वेळा आले आहेत की, सांधा म्हणजे बैलगाडीचा आस आहे अशी वाचकांची समजूत व्हावी. अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्याने याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

मटणाची नळी साफ करताना हाडाच्या टोकावर निळसर झाक असलेले, गुळगुळीत पांढरे आवरण दिसते, तीच कूर्चा. ओली असताना ती नखाने दाबली तर किंचित दबून पुन्हा वर येते आणि उन्हात ठेवली तर आक्रसून पिवळट, कडक होते, कारण तिचा बहुतांश भाग पाण्याचाच असतो. हे पाणी अ‍ॅग्रिकन नावाचे मोठे रेणू धरून ठेवतात आणि त्या रेणूंना कोलॅजेनच्या तंतूंची जाळी जागच्या जागी जखडून ठेवते.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे ज्याला सर्रास ‘सांध्याची झीज’ म्हटले जाते त्या विकारात, कूर्चेतल्या पेशी आणि सांध्याचे अस्तर अशी काही प्रथिने जास्त प्रमाणात तयार करू लागतात, जी हेच अ‍ॅग्रिकन ठरावीक जागी कापतात. अ‍ॅडॅम-टीएस-५ हे त्यांतले एक विकर (एन्झाइम). आधी अ‍ॅग्रिकन निघून जाते, मग एमएमपी-१३ हे दुसरे विकर उघड्या पडलेल्या कोलॅजेनवर चालून जाते आणि एकदा ती जाळी तुटली की शरीराला ती पूर्ववत विणता येत नाही. अ‍ॅडॅम-टीएस-५ निष्क्रिय केलेल्या उंदरांचे गुडघे शस्त्रक्रियेने मुद्दाम अस्थिर केले, तरी त्यांच्या कूर्चेची हानी बरीच कमी झाली, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. भार तोच राहिला, कातरणारा हात तेवढा काढून घेतला गेला.

पुढची गोष्ट मात्र तितकी सरळ नाही. याच विकराला अडवणारी गोळी ९३२ रुग्णांवरील चाचणीत ५२ आठवडे तपासली गेली आणि कूर्चेचे पातळ होणे तिने लक्षणीयरीत्या रोखले नाही, हे २०२० मध्ये जाहीर झाले. कदाचित रुग्णांपर्यंत औषध पोहोचले तेव्हा उशीर झाला असेल, कदाचित माणसाच्या गुडघ्यात कातरणारे हात अनेक असतील. म्हणूनच ‘कूर्चा पुन्हा वाढवा’ असे सांगून डबाबंद पावडर विकणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला चीड येते. पोटात गेलेले कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणेच पचते, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही.

शब्दांवर एवढा आग्रह धरण्याचे कारण घरचेच आहे. ‘झीज झाली आहे’ एवढे ऐकून माझ्या आईने, चाललो तर उरलेसुरलेही घासले जाईल या धास्तीने, दोन वर्षे फिरणे बंद केले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्या द्रवाच्या ये-जा करण्याला हालचालीची मदत लागते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या मांड्या तेवढ्या रोडावल्या, दुखणे होते तसेच राहिले.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा