‘आर्ट सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे

संपादक महोदय,

लग्नसराईत ‘आर्ट सिल्क’ची पैठणी कलाकुसरीचे रेशीम समजून विकत घेणारे अनेकजण भेटतात, गेल्या महिन्यात आमच्या घरीही तेच झाले. वास्तविक यातील ‘आर्ट’ हे ‘आर्टिफिशियल’चे लघुरूप असून, ते कापड व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) किंवा पॉलिएस्टरचे असते. पदराच्या दशीतले एक सूत जाळले, की खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो व राख बोटांत सहज चुरडते. व्हिस्कोसला जळक्या कागदाचा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. (दुकानात हे कोण करू देणार, हा प्रश्न आहेच!) म्हणून विक्रेत्यांनी धाग्याचे नाव मराठीत ठळक छापावे आणि ग्राहकांनी शुद्ध रेशमाची खात्री देणारे ‘सिल्क मार्क’चे लेबल मागून तपासावे.

— एक वाचक, नाशिक