चिमणीभोवतीची गळती सिमेंटने थांबत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मृग लागायला आता जेमतेम दीड महिना उरला आहे. दरवर्षी या दिवसांत आपल्या दैनिकात नालेसफाई, बंधाऱ्यांची डागडुजी आणि बियाण्यांची उपलब्धता यांविषयी बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु ज्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली खेड्यांतील कितीतरी कुटुंबे अजूनही राहतात, त्या छपराविषयी क्वचितच काही छापून येते. त्यातही मला एकाच जागेविषयी लिहायचे आहे. स्वयंपाकघराची चिमणी किंवा धुराचा नळ छपरातून जिथे बाहेर पडतो, तो सांधा. जुने घर पुष्कळदा तिथूनच गळू लागते, आणि तिथली दुरुस्ती आमच्या भागात मी तरी बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीनेच झालेली पाहिली आहे.

विटांची, भिंतीसोबत बांधून काढलेली चिमणी विदर्भात विरळाच. चिखलदऱ्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणचे जुने बंगले किंवा इंग्रजांच्या काळातले एखादे विश्रामगृह सोडले, तर खेड्यात दिसतो तो सिमेंटचा नळ. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा निर्धूर चुलीबरोबर हा नळ घरोघरी आला आणि तो बाहेर काढण्यासाठी दोनचार कवेलू उचलून छपराला भोक पाडले गेले. चूल कशी बांधावी हे शिकवले गेले. भोकाभोवती पाणी कसे अडवावे हे मात्र त्या त्या घरच्या माणसावर सोपवले गेले. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरीही सिलिंडर परवडेल तेव्हा गॅस आणि एरवी चूल, असे बहुतेकांचे चालते, त्यामुळे तो नळ अजून छपरावर उभाच आहे.

पवनी तालुक्यातील आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. मातीच्या जाड भिंती, सागाच्या मयाली आणि वर मंगलोरी कवेलू. या घरात सलग तीन पावसाळे नळाच्या बाजूने पाणी येत राहिले. पहिल्या वर्षी मिस्त्रीने नळाभोवती सिमेंटचा जाड गोठ लावला. दुसऱ्या वर्षी त्याला तडा गेला म्हणून वरून डांबर ओतले. ते पुढच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात पातळ होऊन कवेलूंवरून ओघळले, तेव्हा दुकानातून महागडे रसायन आणून त्यावर चोपडले. चौथ्या उन्हाळ्यात आतून पाहिले, तर नळाजवळच्या वाशात बोट सहज रुतले. तीन वर्षांच्या सिमेंट-डांबरावर जेवढा पैसा गेला, त्याहून अधिक तो एक वासा बदलायला लागला. मी त्या मिस्त्रीला दोष देत नाही. त्याला जे येत होते, ते त्याने प्रामाणिकपणे केले. त्याला जे कोणी शिकवलेच नाही, त्याविषयी हे पत्र आहे.

सिमेंट का टिकत नाही, याचे कारण समजायला अवघड नाही. नळ किंवा चिमणी जमिनीवर उभी असते आणि छप्पर लाकडावर. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, कवेलूंच्या वजनाने वासे वर्षानुवर्षे किंचित खाली बसत जातात. चिमणी मात्र आपल्या जागी असते. त्यात आपल्याकडचे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, कवेलू हाताला चटका देतात, आणि पहिल्या सरीने ते काही मिनिटांत थंड पडतात. ज्यांची हालचाल वेगवेगळी आहे अशा दोन वस्तू कडक सिमेंटने एकमेकींना चिकटवल्या, तर त्यांच्यामध्ये भेग पडणार. ती केसाइतकी असली तरी पाण्याला पुरते. म्हणून तिथे चिकटवण्याचे नव्हे, तर पाणी एकावरून दुसऱ्यावर वाहून नेण्याचे काम करायचे असते, आणि ते पत्र्याने होते. बांधकाम खात्याच्या भाषेत याला फ्लॅशिंग म्हणतात. गावात नुसते पत्रा बसवणे म्हटले तरी कळते.

त्याचे सारे मर्म चढवणीत आहे. कवेलू जसे खालच्या ओळीवर वरची ओळ चढवून बसवतात, तसाच पत्राही बसला पाहिजे. चिमणीच्या आढ्याकडील बाजूला पत्र्याची वरची कड कवेलूंच्या खाली गेली पाहिजे, निदान एक पूर्ण ओळ आत. वळचणीकडील बाजूला तोच पत्रा कवेलूंच्या वर यायला हवा. दोन्ही कुशींना तो कवेलूंखाली सरकवून त्याची कड वर मुरडावी लागते, म्हणजे आडवे येणारे पाणी लाकडावर न उतरता खाली वाहून जाते. यातील एक बाजू जरी उलटी बसली, म्हणजे वरच्या बाजूचा पत्रा कवेलूंच्या वर ठेवून दिला, तरी सगळे पाणी पत्र्याखाली शिरते. मग त्यावर कितीही सिमेंट थापा. मी पाहिलेल्या गळत्या सांध्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी हीच चूक होती.

गोल नळ असेल, तर पत्र्याच्या चौकोनावर उलट्या नरसाळ्यासारखा कोन दुमडून आणि डाग देऊन जोडावा. तो नळाला घट्ट चिकटू नये, थोडी मोकळीक असावी, आणि त्याच्या वर नळालाच आवळून पत्र्याची एक छत्री बसवावी, जी कोनाच्या तोंडावर झुकलेली राहील. मग छप्पर हलो वा नळ, छत्रीवरचे पाणी कोनावर पडते आणि कोनावरचे पत्र्यावर. विटांची चिमणी असेल, तर पत्रा तिच्या अंगाला सहा इंच तरी वर चढवावा, आणि त्या कडेवर दुसरा पत्रा वरून झालरीसारखा सोडावा. या झालरीची वरची कड विटांच्या सांध्यात इंचभर खाच पाडून आत मुरडतात. दोन्ही पत्रे एकमेकांना जोडायचे नसतात, एकावर दुसरा नुसता झाकलेला राहतो. चिमणी रुंद असेल, तर तिच्या आढ्याकडील बाजूला पाणी आणि पालापाचोळा तुंबतो; तिथे पत्र्याचाच लहानसा उंचवटा करून पाणी दोन्ही बाजूंना वळवावे लागते.

ती खाच बुजवताना मात्र सिमेंट वापरू नये. आमच्या भागातील जुन्या मालगुजारी वाड्यांच्या पक्क्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना नरम असतो, ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट त्याच्याहून कडक असते आणि ओल सहज सोडत नाही, त्यामुळे ती विटेत कोंडते आणि काही वर्षांत वीटच झडू लागते. चुना आता मिळत नाही, असे सांगितले जाते. तालुक्याच्या गावी चौकशी केली तर तो मिळतो. नीट मळून देणारा माणूस मात्र मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

पत्रा २४ गेजचा, जस्ताचा लेप असलेला घ्यावा. कापलेल्या कडांना गंज आधी धरतो, म्हणून त्यांना रंग द्यावा. चूल पेटती असेल, तर बांबूच्या कमच्या आणि वासे नळापासून निदान चार बोटे दूर कापून घ्यावेत. पाऊस अडवायला प्लास्टिकचा कागद नळाला गुंडाळून ठेवलेली घरे मी पाहिली आहेत, आणि ते पाहून पावसापेक्षा आगीचीच भीती अधिक वाटते. त्या काळातले बरेच नळ अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. ते कोरडे कापू वा घासू नयेत, कारण त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर गंभीर आजार होतात. कापावेच लागले तर पाणी मारत, तोंडाला चांगला मास्क बांधून कापावे.

दुरुस्तीआधी पाणी नेमके कुठून येते, हेही पाहिले पाहिजे. वरून शिरलेले पाणी वाशावरून दोनचार हात घरंगळत जाऊन भलत्याच जागी टपकते, आणि मग माणसे चांगले कवेलू बदलत बसतात. एकाने छपरावर लोट्याने पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आत उभे राहावे. सुरुवात वळचणीकडील बाजूने करावी, थोडे थांबावे, मग कुशी, आणि आढ्याकडील बाजू शेवटी. आधीच वरून ओतले तर सगळीकडे ओल होऊन काहीच कळत नाही. ओघळ काळपट तपकिरी असेल, तर दोष छपराचा नसून नळाच्या उघड्या तोंडाचा असू शकतो. पाऊस नळातून उतरतो आणि काजळी घेऊन बाहेर येतो. तिथे वर टोपी बसवली की काम भागते. वानरांचा प्रश्न तेवढ्याने भागत नाही. आमच्या गावात वानरांची टोळी छपरावरून जाताना नळाला हमखास लोंबकळते, त्यामुळे नळाला वाशाशी नव्हे तर भिंतीशी लोखंडी पट्टीने बांधावे, नाहीतर बसवलेला पत्रा एका दिवसात उचकटतो.

ज्या घरांत चूल खरोखरच बंद झाली आहे, तिथे नळ ठेवू नये. तो छपराच्या खालपर्यंत उतरवावा, भोकावर नव्या कमच्या मारून कवेलू बसवावेत. जुन्या घरांच्या मागे कवेलूंची एखादी चवड बहुधा असतेच. त्याच मापाचे कवेलू बाजारात मिळणे आता कठीण असल्याने ती चवड विकू नये.

हे सगळे करणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतो. पूर्वी कवेलू फेरणारे, म्हणजे ते उतरवून पुन्हा नीट बसवून देणारे, होते, गावोगाव डाग देणारे होते. फेरणाऱ्यांची मुले आज नागपूर-पुण्याला स्लॅबच्या कामावर जातात, यात त्यांचे काही चुकत नाही. पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत कुंभार आहे, सुतार आहे, लोहार आणि राजमिस्त्री आहे, पण छपराचे काम करणारा आणि टिनकाम करणारा स्वतंत्रपणे कुठेच नाही. आयटीआयमध्ये शीट मेटलचा व्यवसाय शिकवला जातो, परंतु तिथून निघालेला मुलगा कारखान्याकडे पाहतो, गावच्या छपराकडे नाही. आणि सरकारी घरकुलाचे म्हणाल, तर लाभार्थी निवडताना ज्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेचा आधार घेतला गेला, तिच्यात हाती घडवलेल्या कवेलूंचे छप्पर कच्चे आणि यंत्रावर घडवलेल्या कवेलूंचे पक्के धरले गेले. म्हणजे मंगलोरी कवेलूंचे माझे छप्पर त्या कागदानुसार पक्के आहे, त्याच्या वाशात बोट जात असले तरी.

माझी मागणी मोठी नाही. विश्वकर्मा योजनेतील राजमिस्त्रीच्या प्रशिक्षणात आपल्या जिल्ह्यांपुरता एक दिवस छपराच्या सांध्यासाठी आणि चुन्याच्या कामासाठी ठेवावा, आणि तो वर्गात नव्हे तर एखाद्या गळत्या घरावर घ्यावा; जे दोनचार जुने फेरणारे अजून हयात आहेत, त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. दरम्यान १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा आहेत. त्यात हा विषय मांडून कोणत्या घरांचे नळ बंद आहेत आणि कोणाचे पेटते आहेत, एवढी यादी जरी केली, तरी रोहिणी संपण्याआधी एकाच टिनकाम करणाऱ्याला बोलावून साऱ्या आळीचे पत्रे एकदम बसवून घेता येतील. एकेकट्या घरासाठी तो तालुक्याहून येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक,
तालुका पवनी, जिल्हा भंडारा