ओळखीच्या पाहुण्याचेही कमिशन?

मा. संपादक,

अ‍ॅपवरच्या बुकिंगमुळे कोकणातल्या घरगुती निवासांना सुगीचे दिवस आल्याचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात एकाही घरमालकाचे म्हणणे नाही. माझा मावसभाऊ गुहागरला चार खोल्या चालवतो. भाडे 2000 रुपये. त्यातले 20 टक्के, म्हणजे 400 रुपये कमिशन. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणखी 72. हंगामात 'डील' लावायची तीही मालकाच्याच खिशातून, नाहीतर नाव यादीत खाली जाते. उरलेल्या पैशांत चादरी धुवायच्या, पंप चालवायचा, कामवाल्या बाईंचा पगार द्यायचा आणि सकाळी गरम घावणे वाढायचे.

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या काकूंना मीच त्याच्याकडे जायला सुचवले. त्यांच्या मुलाने मोबाइलवर घराचे नाव टाकले, तर सगळ्यात वर एका अ‍ॅपची जाहिरात. त्याने तिथेच पैसे भरले. निघायच्या आदल्या दिवशी काकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. भाऊ लगेच म्हणाला, "काकू, माझी काही हरकत नाही, पैसे परत घ्या." पण पैसे त्याच्याकडे होतेच कुठे? ते कंपनीकडे, आणि बुकिंग 'नॉन-रिफंडेबल'. कॉल सेंटरने काकूंना सांगितले, मालक तयार नाही. भावाला सांगितले, ग्राहकाची विनंतीच आलेली नाही. मुलाने चिडून एक स्टार दिला. तो अजून तसाच आहे, आणि भोगतोय माझा भाऊ.

हॉटेलवाल्यांच्या महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींचा दंड ठोठावला आणि 'आमच्यापेक्षा स्वस्तात दुसरीकडे खोली द्यायची नाही' ही अट काढायला सांगितली. काकूंचे बुकिंग या कंपनीचे नव्हते, पण एवढी मोठी गोष्ट लेखातून गळावी? अ‍ॅप नकोच असे भाऊही म्हणत नाही. बंगळुरूचा अनोळखी पाहुणा त्याला तिथूनच मिळतो. पण मी दादरहून पाठवलेल्या शेजाऱ्यांचेही कमिशन त्याने का द्यावे?

आणखी एक. पूर्वी एप्रिल-मेमध्ये आपल्याच अंकात 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय' अशा छोट्या जाहिराती फोन नंबरासह येत. लोक थेट फोन करत, दर ठरवत, माशांचे जेवण हवे की शाकाहारी तेही सांगून ठेवत. आता तिथे अ‍ॅपची पानभर जाहिरात असते. चार खोल्यांच्या मालकाला परवडेल अशा दरात ते सदर दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा सुरू करावे, ही विनंती.

— एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई